चौदा हजार ठोकळ्यांचं देऊळ

हर्षद शेडगेला मी वर्षभर माफ केलं नव्हतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून तर तो जूनमध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि हसत म्हणाला, यंदा काय बांधायचं वहिनी? मी त्याला आत बसवलं, चहा केला, चहात वेलचीसुद्धा घातली.

हर्षद आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. रोह्यात कुंडलिका नदीच्या अंगाला आमच्या तीन बिल्डिंगा, मध्ये पार्किंग आणि पार्किंगच्या शेडखाली दरवर्षी पाच दिवसांचा गणपती. बोलायला गोड, धावपळीला पुढे. कुणाचा नळ गळू दे, कुणाचा म्हातारा पडू दे, हा हजर. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

आता बांधायचं म्हणजे काय, ते सांगते. लहान मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे असतात, वर टिकल्या असलेले, एकावर एक दाबून बसवायचे. त्यांच्या मी इमारती बांधते. मनातल्या नाही, खऱ्या. टेप घेऊन जायचं, इमारत मोजायची, एका फुटाला किती थर ते ठरवायचं आणि त्या मापाने पायरीपासून कौलापर्यंत सगळं उभं करायचं. खिडकी मापाने सात टिकल्यांची येत असेल तर सातच टिकल्यांची करायची, सहाची नाही आणि आठचीही नाही. अंदाजपंचे मला चालत नाही.

माझं माहेर पेणजवळचं जोहे. तिथे घराघरात गणपतीचे कारखाने, आमच्याही घरात. मी मातीत वाढले. लग्न होऊन रोह्याला दुसऱ्या मजल्यावर आले, तिथे माती भिजवायची कुठे आणि सुकवायची कुठे? हाताला काम नसलं की माझं डोकं फिरतं. एकदा पेणच्या बाजारात ठोकळ्यांचा डबा दिसला, तो आणला, आणि तेव्हापासून गेली नऊ वर्षं मी ठोकळे जमवते आहे. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्याकडून आणते, भंगारवाल्याकडून आणते. बेडरूममध्ये पलंगाखाली आता माणूस शिरत नाही. माझा नवरा जितेश धाटावला कंपनीत आहे. शिफ्टवरून आला की तो आधी जमिनीकडे बघतो आणि मग पाऊल टाकतो.

मागच्या वर्षी गणपतीच्या सजावटीसाठी मी रोह्याचं स्टेशन बांधलं. अडीच महिने खपले. हर्षदने टेबल दिलं, लाइट दिली आणि येता-जाता "वा वहिनी" दिलं. तालुक्याच्या सजावट स्पर्धेत आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाच्या दिवशी एक पत्रकार आला. हर्षद माझ्या स्टेशनच्या बाजूला हात ठेवून उभा राहिला, घराच्या मालकाने कंपाउंडवर ठेवावा तसा. पत्रकाराने विचारलं, किती ठोकळे लागले? हर्षदने मान थोडी मागे वळवली आणि हळूच मला विचारलं, "किती हो वहिनी?" मी म्हटलं, नऊ हजार दोनशे. तो पुन्हा पुढे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नऊ हजार दोनशे. मी मोजूनच लावलेत."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. 'हर्षद शेडगे यांनी साकारले रोहा स्थानक.' फोटोच्या कडेला माझं कोपर आलं होतं.

मी पेपर घडी घालून घेतला. घरी येऊन जितेशला सांगितलं, तर तो म्हणाला, जाऊ दे, शेवटी सोसायटीचंच नाव झालं ना. त्या रात्री मी त्याच्या ताटात भाजी वाढली नाही, आणि त्यालाही त्याचं कारण कळलं नाही. पेपराचं ते पान मी ठोकळ्यांच्या डब्यात तळाला घालून ठेवलं. डबा उघडला की दिसायचं. राग शिळा होऊ द्यायचा नव्हता मला.

तर यंदा चहा पीत हर्षदने आपली कल्पना मांडली. त्याला दगडी देऊळ हवं होतं, जुनं, काळं, शिखरवालं. आणि स्केलमध्ये हवं. या वर्षी परीक्षकांत एक आर्किटेक्ट आहेत, ते टेप लावून बघतात, एक इंचसुद्धा इकडेतिकडे नको, असं त्याने मला तीनदा बजावलं. मला. मी मान डोलावली आणि एकच गोष्ट मागितली. बोर्डावर माझं नाव हवं. "निर्मिती प्रणिता पुंडलिक म्हात्रे" असं, मधलं नाव माझ्या बाबांचं.

"शंभर टक्के वहिनी," तो म्हणाला. "हे काय सांगायचं असतं?"

मी पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं की हा सुधारला. वर्षभराचा राग मी एका पेढ्यावर सोडायला निघाले होते.

देऊळ मी माहेरच्या बाजूचं निवडलं. जोह्यापलीकडे शेतं ओलांडली की एक जुनं शंकराचं देऊळ आहे. सहसा कुणी तिकडे जात नाही. दगडावर दगड ठेवून बांधलेलं, मध्ये चुना नाही, काही नाही. मापं घ्यायला बाबा माझ्याबरोबर आले. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. सगळ्या बाजूंनी भात लागलेलं, बांधावरून चालताना बाबांची चप्पल दोनदा चिखलात राहिली, पण टेपचं टोक त्यांनी सोडलं नाही. तीस फूट उंची, गाभारा आतून बारा फूट, दार सहा फूट उंच आणि चार फूट रुंद. एका फुटाला चार थर, असा मी हिशेब बसवला. म्हणजे देऊळ पावणेचार फुटांचं, आणि दार उंचीला नऊ इंच, रुंदीला सहा.

करड्या रंगाचे ठोकळे माझ्याकडे पुरेसे नव्हते. लाल, निळे, पिवळे पोत्याने होते. फवाऱ्याने रंग मारला तर टिकल्यांवर रंगाचा थर चढतो आणि ठोकळा ठोकळ्यात बसत नाही. बाबांनी ते काम आपल्याकडे घेतलं. ऐन हंगामात, कारखान्यात गिऱ्हाइकांचे गणपती रांगेने उभे असताना, त्यांनी चार हजार ठोकळ्यांची फक्त बाहेरची बाजू ब्रशने करडी केली. एकाही टिकलीला रंग लागू दिला नाही. तीन पोत्यांत भरून त्यांनी ते वडखळपर्यंत स्वतः आणून दिले, तिथून मी रिक्षा केली.

सोसायटीचा गणपतीही दरवर्षी बाबांकडूनच येतो. आमच्याकडची पद्धत अशी, की गिऱ्हाईक आपला लाकडी पाट आधीच कारखान्यात आणून देतं. पाटाखाली त्याचं नाव लिहायचं आणि त्या पाटावरच त्याची मूर्ती करायची. चतुर्थीला तो पाट मूर्तीसकट घरी जातो. बाबा मूर्ती घडवतात आणि डोळ्यांची आखणीही स्वतःच करतात. आखणी म्हणजे शेवटचं काम, डोळे उघडण्याचं. केसाएवढी रेघ हलली तर देव रुसल्यासारखा दिसतो. चाळीस वर्षांत त्यांनी किती हजार देवांचे डोळे उघडले असतील, आणि एकाही पाटाखाली त्यांचं नाव नाही. नाव गिऱ्हाइकाचं. लहानपणी मी त्यांना याबद्दल विचारायचे, तर ते म्हणायचे, देव बनवनाऱ्याचं काय नाव असतं गो? मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. त्यांचा साधेपणा त्यांना लखलाभ, मी माझं नाव सोडणार नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं.

सोसायटीचा पाट अकरा इंचांचा. मूर्ती शाडूची, सव्वा फूट उंच. मी बाबांना देवळाच्या दाराचं माप सांगितलं तेव्हा ते हातातला ब्रश तसाच धरून थांबले.

"मंग निघल कशी गो ही त्या दारातून?"

मी सांगितलं, की पुढची भिंत मी सरकती करते आहे. शिखराचा सगळा भार बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर. पुढची भिंत म्हणजे नुसता पडदा. खाली गुळगुळीत पट्ट्या बसवल्या की हाताने ओढली तरी पुढे येईल. बाबांनी मान हलवली. "सांभाळून काढ म्हंजे झालं," एवढंच ते म्हणाले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून मी शेडखाली बांधायला बसले. शिखर खऱ्या देवळासारखंच केलं. प्रत्येक थर खालच्यापेक्षा एक टिकली आत, आणि आत सरकलेल्याला मागून वजन. हर्षद रोज एकदा यायचा, फोनवर फोटो काढायचा, निघून जायचा. तळमजल्यावरच्या हौसामावशी मात्र खुर्ची टाकून तासन् तास बसायच्या. त्या मिठागरात काम केलेल्या बाई, तोंडाने फटकळ. मी एक थर उलटा लावला तर त्यांनीच दाखवून दिला.

चतुर्थीला सकाळी मूर्ती आली. मी पुढची भिंत बाजूला काढून ठेवली होती. मूर्ती गाभाऱ्यात बसली, गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली, आरती झाली. आता पाच दिवस देव जागचा हलवायचा नाही. लोक जेवायला गेले आणि मी भिंत बसवायला घेतली. तेवढ्यात फ्लेक्सवाला आला.

त्याने बोर्ड उलगडून बांबूला बांधला. मी हातातली भिंत टेबलावर ठेवून वाचायला गेले. डाव्या कोपऱ्यात हर्षदचा फोटो, हात जोडलेला. 'संकल्पना व निर्मिती : श्री. हर्षद शेडगे.' त्याखाली 'मूर्ती : जोहे, पेण.' त्याखाली मंडप, लाइट, साउंड. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत 'विशेष सहकार्य : श्री. जितेश म्हात्रे व परिवार.'

जितेश म्हात्रे. ज्याने चौदा हजारांतला एक ठोकळा लावला नाही, फक्त पायाखाली येऊ नये म्हणून चुकवला. आणि मी परिवार.

मी हर्षदला शोधून काढलं. तो प्रसादाचे द्रोण मोजत होता. मी नावाचं विचारलं, तर त्याने कपाळावर हात मारला. फ्लेक्सवाल्याने घोळ घातला म्हणाला, आता तर छापून झालं, आणि वहिनी, आपल्यात काय तुझं-माझं. बोलताना तो द्रोण मोजतच होता.

मी परत आले. पुढची भिंत देवळाला लावली. ती सरकत जागेवर बसली, खट्ट आवाज करत. मग मी डब्यातून दोन काळ्या काड्या काढल्या. ठोकळ्यांच्या गाड्यांना चाकांच्या आसाला लागतात त्या, वीतभर लांबीच्या. पुढच्या भिंतीतून बाजूच्या भिंतीत जातील अशी दोन भोकं मी आधीच ठेवली होती, कुणाचा धक्का लागून भिंत हलू नये म्हणून. एक काडी डावीकडून आत सारली, एक उजवीकडून. भोकांच्या तोंडावर एकेक करडा ठोकळा दाबला. देऊळ एकसंध झालं. कुठे सांधा आहे, ते आता मला सोडून जगात कुणालाही दिसलं नसतं.

मला फार बरं वाटत होतं.

पुढचे दिवस मी सणासारखे काढले. लोक वाकून गाभाऱ्यात बघायचे, आतल्या दिव्यात फक्त देवाचे डोळे आणि सोंड दिसायची, आणि म्हणायचे, अगदी खऱ्या देवळात आल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी परीक्षक आले. आर्किटेक्टसाहेबांनी खरंच टेप लावला. दार मोजलं, शिखर मोजलं आणि विचारलं, दाराचं माप प्रत्यक्षात काय? हर्षदने माझ्याकडे मान वळवली. मी त्याला सगळं सांगितलं, हळूच, मागच्या वर्षीसारखं. त्याने ते मोठ्याने म्हटलं. पहिलं बक्षीस मिळालं. शाल त्याच्या खांद्यावर पडली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात जास्त मी वाजवल्या. जितका वर चढेल तितकं मला हवंच होतं.

पाचव्या दिवशी दुपारी चारला उत्तरपूजा. गुरुजींनी दारातून हात घालून देवावर अक्षता टाकल्या आणि पद्धतीप्रमाणे मूर्ती बोटभर हलवली. संपलं. त्या क्षणापासून देव निघाला असं धरतात, मग त्याला परत बसवता येत नाही आणि ठेवताही येत नाही. गेटवर खालूबाजा वाजायला लागला. टेम्पो फुलांनी सजवून उभा होता. मी आरती घेतली, प्रसाद घेतला आणि वर घरी जाऊन गॅलरीत खुर्ची टाकली. तिथून शेड स्वच्छ दिसते.

आधी दोघेजण पुढे झाले. एकाने दारातून हात घालून पाट धरला आणि ओढला. पाट दाराच्या दोन्ही बाजूंना अडला. मूर्ती तिरकी करून बघितली, तर मुकुट वर टेकला. ते मागे झाले. मग हर्षद पुढे आला, बाह्या सारून. त्याने वाकून आत पाहिलं, उठून देवळाभोवती एक चक्कर मारली, पुन्हा वाकला. चतुर्थीला मूर्ती बसवताना तो तिथेच होता, फोटो काढत. भिंत नंतर लागली हे त्याने बघितलंच नव्हतं. देव आत कसा गेला याचा त्याने पाच दिवसांत एकदाही विचार केला नव्हता.

कुणीतरी म्हणालं, वरून मोकळं करा. हर्षदने कळस उचलला. खालचा एक थर काढला, मग दुसरा. मागचं वजन कुठलं आणि पुढचं कुठलं हे माहीत नसताना त्या शिखराला हात लावायचा नसतो. तिसऱ्या थराला आतली बाजू झुकली आणि एक ठोकळा सुटून गाभाऱ्यात पडला. पाटावर आपटल्याचा आवाज मला वर ऐकू आला. बायकांच्या तोंडून "अगो बाई" निघालं. गुरुजींनी हात वर केला आणि म्हणाले, आता कुणी हात लावू नका, मूर्तीचा टवका उडाला तर मी काही सांगू शकत नाही. खालूबाजावाले वाजवायचे थांबले.

त्या शांततेत हौसामावशींचा आवाज आला. त्यांनी पदर खोचला होता आणि त्या हर्षदच्या समोर उभ्या होत्या.

"अरं, तूच बांधलास ना? बोर्डावर तुजं नाव हाय. मंग काढ की."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं पडलं असतं. सगळे नुसते त्याच्याकडे बघत राहिले, वाट बघत, एखाद्या मिस्त्रीकडे बघावं तसे. हर्षद घामाने निथळत होता. त्याने उगाच एका कोपऱ्यातला ठोकळा दाबून पाहिला. मग खिशातून फोन काढला. माझा फोन घरात वाजला. मी वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला, तोही वाजू दिला. तिसऱ्यांदा तो वाजलाच नाही, जिन्यात पावलं वाजली.

दार उघडलं तर हर्षद धापा टाकत होता. जितेश माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"वहिनी, चला खाली. मूर्ती निघत नाहीये."

"निर्मात्याला विचारा," मी म्हटलं.

त्याने कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाला, चुकलं माझं, पुढच्या वर्षी बोर्ड तुमच्याच नावाचा करतो, हवं तर उद्या पेपरात देतो. मी विचारलं, खाली माईक चालू आहे का? तो म्हणाला, आहे. मग मी त्याला वाक्य सांगितलं, एकेक शब्द, आणि परत म्हणून घेतलं, शाळेत पाठांतर घेतात तसं. जितेश मागून "अगं" म्हणाला. मी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो मागे सरकला. हर्षदचा चेहरा पांढरा पडला होता. मला त्याची दया आली नाही. मागच्या वर्षी माझं कोपर तेवढं फोटोत आलं होतं.

मी त्याच्या मागोमाग जिना उतरले, सावकाश. त्याने माईक घेतला. शेडखाली शंभर-सव्वाशे माणसं असतील, आणि गेटवर बाजूच्या दोन सोसायट्यांची.

"हे देऊळ," तो म्हणाला आणि थांबला. मी त्याच्याकडे बघत राहिले. "हे देऊळ पायरीपासून कळसापर्यंत प्रणिता पुंडलिक म्हात्रे यांनी बांधलं आहे. मागच्या वर्षीचं स्टेशनसुद्धा त्यांनीच बांधलं होतं. मी त्यातला एकही ठोकळा लावलेला नाही."

पहिली टाळी हौसामावशींची. मग सगळ्यांच्या. मी त्या टाळ्या पूर्ण ऐकून घेतल्या, मान खाली न घालता. वर्षभर थांबले होते मी त्यांच्यासाठी. मग देवळापाशी गेले. डावीकडचा करडा ठोकळा नखाने काढला, मागची काडी ओढली. उजवीकडचा काढला, काडी ओढली. दोन बोटांनी भिंतीला धरून पुढे घेतलं. ती अख्खी सरकत बाहेर आली. आत पाटावर देव जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

हर्षद माझ्या हातातल्या दोन काड्यांकडे बघत होता.

"एवढंच होतं?" त्याने विचारलं. माईक त्याच्या हातात चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं.

"एवढंच. नाव लिहायलाही एवढंच लागलं असतं."

गुरुजींनी मूर्ती उचलली. खालूबाजा पुन्हा सुरू झाला आणि देव टेम्पोत बसून कुंडलिकेकडे निघाला. हर्षद मिरवणुकीत सगळ्यात मागे चालत होता. एरवी तो सगळ्यात पुढे नाचतो. लोक माझ्याशी बोलत होते, बायका माझा हात हातात घेत होत्या, बाजूच्या सोसायटीचा सेक्रेटरी येऊन पुढच्या वर्षीचं विचारून गेला. मूर्ती पाण्यात गेली तेव्हाही मी टाळ्यांच्याच विचारात होते. रिकामा पाट कुणीतरी माझ्या हातात दिला, पुढच्या वर्षी जोह्याला द्यायचा म्हणून.

घरी येऊन मी बाबांना फोन लावला. सगळं पहिल्यापासून सांगितलं. काड्या कशा घातल्या, हौसामावशी काय म्हणाल्या, हर्षदला ते वाक्य कसं पाठ करायला लावलं, लोकांनी किती वेळ टाळ्या वाजवल्या. बाबा मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होते. ठोकळा आत पडला तिथे त्यांनी मला थांबवून विचारलं, डोल्यांना नाय ना लागला? मी नाही म्हटलं आणि पुढे सांगत गेले. ते वाक्य मी त्यांना दोनदा ऐकवलं. पायरीपासून कळसापर्यंत. माझ्या नावात त्यांचंही नाव आलं, हे मुद्दाम सांगितलं.

माझं बोलून झालं. पलीकडे कारखान्यातला पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग बाबांनी विचारलं, अगदी सहज, भात झाला का विचारावं तसं.

"आन मूर्ती कोनाची, ते बोलली का गो कोन?"

पाट माझ्या मांडीवर होता. मी तो उलटा करून पाहिला. खाली सोसायटीचं नाव होतं, त्यांच्याच अक्षरात, पाण्याने थोडं फिकटलेलं. दुसरं काही नव्हतं. करडे ठोकळे खाली शेडमध्ये तसेच पडून होते, चार हजार. त्यांच्याबद्दलही मी हर्षदच्या वाक्यात काही घातलं नव्हतं.

"बोर्डावर होतं बाबा," मी म्हटलं. "मूर्ती जोह्याची, असं."

"व्हय," बाबा म्हणाले. "जोह्याचीच हाय."